बाबांना सीआयडीपी सांगितलंय, आयव्हीआयजीने काडीचा फरक नाही, घरात आणखी तिघांना असंच काहीतरी... टीटीआर अमायलॉइड असू शकेल का?

वारणाकाठ

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, खूप लांब होईल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

बाबा ५६ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर. चार वर्षांपूर्वी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं दिवसभर इंजिनाच्या गरम पत्र्याजवळ पाय असतात त्याने असेल. मग पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही, चार पावलं पुढे गेल्यावर आई मागून ओरडायची, अहो चप्पल राहिली. साखर तपासली, नॉर्मल. बी-१२ ची इंजेक्शनं झाली. मग एमआरआय काढला तर कंबरेची गादी सरकलीय म्हणाले, पट्टा, ट्रॅक्शन, सगळं झालं. वर्षभर त्यात गेलं. एक दिवस घाटात क्लच पूर्ण दाबला गेलाय की नाही हे पायाला कळेना, त्या दिवशी गाडी डेपोत लावली आणि मॅनेजरसाहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं की मी आता स्टिअरिंगवर बसत नाही. तेव्हापासून डेपोतच हलकं काम करतात. २८ वर्षांत एक अपघात नाही त्यांचा. ते सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला विसरता येत नाही.

त्यानंतर मोठ्या गावातल्या न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. नसांची करंट देऊन करतात ती तपासणी झाली, पाठीतून पाणी काढलं, त्यात प्रोटीन वाढलेलं होतं म्हणून सीआयडीपी निदान केलं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार. सहा महिने स्टिरॉइड, त्यात साखर वाढली आणि चेहरा सुजला, चालणं तसंच. मग आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देतात ती अँटिबॉडीजची महागडी सलाईन, पाच दिवसांचा कोर्स, दोनदा. दुसऱ्या वेळी आईच्या पाटल्या मोडल्या. फरक शून्य, उलट आता घोट्यापर्यंत असलेलं बधिरपण गुडघ्याच्या खाली आलंय. आता तिसरा कोर्स घ्या नाहीतर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊ असं म्हणतायत.

मला खटकतंय ते वेगळंच. बाबांचं वजन ७१ चं ५८ झालंय. कधी चार चार दिवस पोट साफ होत नाही आणि मग जेवल्या जेवल्या संडासला पळावं लागतं, एसटीतून प्रवास करायची भीती वाटते त्यांना. सकाळी उठून उभं राहिलं की डोळ्यासमोर अंधारी येते. बारा वर्षं चालू असलेली बीपीची गोळी दोन वर्षांपूर्वी बंद झाली, बीपी आपोआप उतरलं म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला होता. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर पोटाचं पोटाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले.

आणि घरातलं. आजोबा म्हणजे बाबांचे वडील साठीच्या आसपास गेले, शेवटची तीन वर्षं अंथरुणात, पायातला जोर गेला होता आणि जुलाबाने खंगले होते, गावात कोणी बाहेरचं म्हणायचं कोणी वारं गेलं म्हणायचं. आत्याच्या दोन्ही मनगटांची ऑपरेशनं झालीयेत कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात नस दाबली जाते त्याची, आणि गेल्या वर्षी डोळ्यात जाळं झालं म्हणून डोळ्याच्या आतला द्रव काढायचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू नव्हता. बाबांच्या चुलत भावाला ५९ व्या वर्षी पेसमेकर बसवला. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा, प्रत्येकाचा आजार वेगळा, एकत्र कोणी मांडलंच नाही. मी रात्री जागून वाचत बसले आणि टीटीआर अमायलॉइडोसिस हे नाव सापडलं, वाचत गेले तर आमच्या घराचंच वर्णन लिहिल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या कोर्सला होकार द्यायचा की आधी ही तपासणी मागायची? आणि असं डॉक्टरांना कसं बोलायचं, नेटवर वाचून आले म्हटलं की चिडतात. मला एक धाकटा भाऊ आहे, माझं स्वतःचं वय ३१, एक मुलगी आहे. झोप लागत नाहीये.

वाटसरू_सातारा

ताई धीर धरा. पंचकर्म करून बघा, आमच्या शेजारच्यांना बस्ती आणि पायाला गरम वाळूचा शेक याने मुंग्यांना खूप आराम पडला होता.

जुना_न्यूरोवाला

वर शेक सुचवला आहे, हेतू चांगलाच आहे, पण कृपया करू नका. ज्या पायाला गरम-गार कळत नाही त्याला शेक दिला की कातडी भाजते आणि माणसाला पत्ता लागत नाही, मी अशा भाजलेल्या जखमा हाडापर्यंत गेलेल्या पाहिल्या आहेत. आणि ज्यांना उभं राहिल्यावर बीपी पडतंय, जुलाब होतायत, त्यांना बस्ती देऊन शरीरातलं पाणी आणखी कमी करू नका.

आता मूळ प्रश्न. मी न्यूरोलॉजीत ३१ वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. पेशंट न बघता निदान सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते मी माझ्या ज्युनिअरला वाचायला दिलं असतं आणि विचारलं असतं की पहिली तपासणी कोणती, आणि उत्तर टीटीआर जीनचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्या जीनची अक्षरं वाचून बदल शोधणं, हेच अपेक्षित धरलं असतं. साधं रक्त द्यायचं असतं. पाच दिवसांच्या एका आयव्हीआयजीला जो खर्च येतो त्यापुढे या तपासणीचा खर्च फार किरकोळ आहे. तिसऱ्या कोर्सच्या आधी हे व्हायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगतो. टीटीआर म्हणजे ट्रान्सथायरेटिन, हे प्रथिन मुख्यतः लिव्हरमध्ये बनतं, थायरॉईडचं हार्मोन आणि अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेतं. चार सारखे तुकडे एकत्र येऊन ते तयार होतं, चार भोयांनी पालखी उचलावी तसं. जीनमध्ये एका अक्षराचा बदल असला की ही चौकडी सैल होते, भोई सुटे होतात, वेडेवाकडे घडी पडतात आणि एकमेकांना चिकटून न विरघळणारे धागे तयार होतात. ते धागे म्हणजे अमायलॉइड. ते नसांमध्ये, हृदयाच्या स्नायूत, आतड्यात, मनगटाच्या पट्ट्यात, डोळ्याच्या आतल्या जेलीत साचत जातात. म्हणून एकाच घरात आत्याला मनगट आणि डोळा, काकांना पेसमेकर, बाबांना पाय. तुम्ही ते एकत्र मांडलंत हे निम्मं निदान आहे ताई, मनापासून सांगतो.

सीआयडीपीशी घोटाळा का होतो? कारण पाठीच्या पाण्यातलं प्रोटीन दोन्हीत वाढलेलं असू शकतं आणि नसांच्या तपासणीतही काही वेळा वेग कमी झालेला दिसतो, मग रिपोर्टवर डिमायलिनेटिंग, म्हणजे नसांचं आवरण खराब झालंय, असा शब्द येतो आणि पुढचं सगळं त्या शब्दामागून जातं. फरक असतो तो पेशंटच्या हकिकतीत. वजन उतरणं, उभं राहिल्यावर अंधारी, पोटाची अशी आलटून पालटून तक्रार, पुरुषांमध्ये लैंगिक क्षमता कमी होणं (हे वडील मुलीला सांगणार नाहीत, आईंना किंवा भावाला विचारायला सांगा, बऱ्याचदा हे मुंग्यांच्याही आधी सुरू झालेलं असतं), दोन्ही हातांचं कार्पल टनेल, आणि उपचाराला अजिबात दाद न देणं. आणि ती बीपीची गोळी. वर्षानुवर्षं बीपी असलेल्या माणसाचं बीपी काही कारण नसताना उतरलं आणि सोबत पाय बधिर होतायत, तर ती आनंदाची बातमी नसते. बीपी, पचन आपोआप सांभाळणाऱ्या स्वयंचलित नसा गेल्या म्हणून किंवा हृदय जाड होऊन कडक झालं म्हणून ते उतरतं.

माझ्याकडून एका पेशंटबाबत हीच चूक झाली आहे, दोन वर्षं मी त्यांना सीआयडीपी समजून औषधं देत राहिलो. त्यांची मुलगी मला दर वेळी त्यांच्या मामांबद्दल सांगायची आणि मी ऐकून सोडून द्यायचो. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही, म्हणून इतकं लिहितोय.

आणखी काय करायला हवं: ईसीजी आणि इको एकत्र बघायचे. इकोत भिंती जाड दिसतायत आणि ईसीजीत मात्र रेषा लहान लहान, हे गणित जुळत नाही, तिथे शंका घ्यायची. झोपून आणि मग उभं करून तीन मिनिटांनी बीपी. रक्तातल्या फ्री लाइट चेन्स, रक्त आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन, हे सोडू नका, कारण एएल नावाचा दुसरा अमायलॉइड आहे, बोन मॅरोतून येणारा, त्याचा उपचार केमोथेरपी, आणि दोघांत गफलत झाली तर फार वाईट होतं. तो नाही हे नक्की झालं की मग हृदयासाठी पायरोफॉस्फेट स्कॅन, टीटीआर अमायलॉइड साचलेलं हृदय त्यात उजळून दिसतं. बायोप्सी पोटाच्या चरबीची, ओठाच्या आतल्या लाळग्रंथीची किंवा पायाच्या नसेची करतात, काँगो रेड नावाच्या रंगात बुडवून विशिष्ट प्रकाशात बघितलं की अमायलॉइड हिरवट चमकतो. पण तो ठिपक्या ठिपक्यांनी साचतो, सुई चुकीच्या जागी गेली तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो. बायोप्सी निगेटिव्ह म्हणून आजार नाही असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका, जीन तपासाच.

डॉक्टरांशी कसं बोलायचं विचारलंत. वाचून आले असं म्हणूच नका. एका कागदावर वंशावळ काढा, आजोबा, आत्या, काका, बाबा, प्रत्येकाच्या पुढे वय आणि काय झालं ते, खाली वजनाचे आकडे तारखांसह, बीपीची गोळी कधी बंद झाली ते. तो कागद टेबलावर ठेवा आणि एवढंच विचारा, सर, हे सगळं एकाच कारणाने असू शकेल का. कागद समोर असला की बहुतेक डॉक्टर थांबून वाचतात.

दोउरूतीर

मी मूळची म्हापशाची, गेली नऊ वर्षं पोर्तुगालला पोर्तोत आहे, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण हा आजार जगात पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो याच भागात.

पोर्तोच्या वर समुद्रकाठी पोव्हुआ द व्हार्झिम म्हणून कोळ्यांचं गाव आहे. १९३९ साली तिथली ३७ वर्षांची एक बाई पोर्तोच्या सांतु आंतोनियु हॉस्पिटलात कोरिनु द आंद्राद या न्यूरोलॉजिस्टकडे आली. गावातले लोक त्या आजाराला आधीपासून ओळखत होते, त्यांचं स्वतःचं नाव होतं त्याला, दोएंसा दुश पेझिन्युश, म्हणजे छोट्या पायांचा आजार म्हणा, पायांचं दुखणं. डॉक्टरांनी त्या बाईला परत पाठवलं नाही, घरोघरचे नातेवाईक शोधत बसले, आणि १९५२ साली ब्रेन या नियतकालिकात त्यांनी त्यावर पेपर लिहिला. तेरा वर्षं! तुमच्या आजोबांबद्दल गावात वारं गेलं म्हणायचे ते वाचून मला हेच आठवलं, गावाला आजार दिसत असतो, फक्त त्याला विचारायला कोणी येत नाही.

नंतर स्वीडनच्या उत्तरेला आणि जपानमध्येही अशी ठिकाणं सापडली. जीनमधला बदल तोच, पण गंमत नाही, विचित्र गोष्ट अशी की पोर्तुगालमध्ये तो बदल असलेल्या सुमारे ८० टक्के लोकांना पन्नाशीच्या आत आजार सुरू होतो आणि स्वीडनमध्ये पन्नाशीपर्यंत जेमतेम ११ टक्के लोकांना. म्हणजे जीन असणं आणि आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्यासाठी आणि भावासाठी मुद्दाम लिहितेय.

इथे माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्यांत तिशीतले लोकही आहेत आणि सत्तरीचेही. त्यातल्या एका काकांचं लिव्हर १९९० च्या दशकात बदललंय. तेव्हा तोच एक उपचार होता, प्रथिन लिव्हरमध्ये बनतं ना, म्हणून लिव्हरच बदलायचं, १९९० मध्ये स्वीडनला सुरू झालं ते. आणि यांचं काढलेलं लिव्हर बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असतं म्हणून ते दुसऱ्या, लिव्हरअभावी मरणाच्या दारात असलेल्या माणसाला बसवायचे, याला डॉमिनो ट्रान्सप्लांट म्हणतात, १९९५ साली कोइंब्राला पहिलं झालं. त्या घेणाऱ्यांपैकी काहींना पुढे काही वर्षांनी हाच आजार झाला, तरी तेवढी वर्षं मिळाली.

फिजिओ म्हणून एवढंच सांगते, बाबांचे पाय रोज रात्री कोणीतरी बघायचेच, तळवे, बोटांच्या बेचक्या, आरसा ठेवून. अनवाणी अंगणातसुद्धा नाही. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट, आतून शिवण टोचत नाही असा. चालताना घोट्यातून पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट लवकर घ्या, पडून हाड मोडल्यावर नाही.

वारणाकाठ

डॉक्टर, कागद काढला. आईला विचारलं, तुम्ही म्हणालात ती गोष्ट पाच वर्षांपासून आहे. आई रडायला लागली, म्हणाली मला वाटलं यांचं मन उडालं.

ईसीजी-इको काढून घेतला, इकोत भिंत १४ मिलिमीटर लिहिलंय. उभं राहिल्यावर वरचं बीपी ११८ वरून ८८. डॉक्टरांपुढे कागद ठेवला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले मी आज हे पहिल्यांदा एकत्र बघतोय, आणि स्वतःच जीन टेस्ट लिहून दिली. लाइट चेन्सही लिहिल्या. रक्त गेलंय.

दोउरूतीर ताई, ते वर्णन बाबांना वाचून दाखवलं. कोळ्यांच्या गावाचं ऐकून म्हणाले, म्हणजे आपण एकटे नाही.

पण उपचार आहे का नक्की? की फक्त नाव कळणार?

आंबोळगड_रस्ता

आहे. माझ्या मोठ्या भावाला हा आजार आहे, निदान होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा तो ४९ चा होता. त्यामुळे पुस्तकातलं नाही, घरातलं सांगतो.

औषधं दोन तऱ्हेची आहेत. एक तऱ्हा ती चौकडी सुटू न देणारी. टॅफामिडिस हे त्यातलं मुख्य, युरोपात नसांच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी २०११ ला मंजूर झालं, हृदयासाठी अमेरिकेत २०१९ ला. दुसरं डायफ्लुनिसाल, ही खरं तर जुनी दुखण्यावरची गोळी आहे, पण ती त्या प्रथिनाला चिकटून तेच काम करते. १३० पेशंटवर दोन वर्षं तपासून २०१३ ला निकाल आला की नसांची घसरण कमी होते. २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पैशाच्या दृष्टीने आम्हाला जमण्यासारखं हेच होतं. पण ती शेवटी पेनकिलरच्याच जातीची, किडनीवर, पोटातल्या रक्तस्रावावर लक्ष ठेवावं लागतं, हृदय कमजोर असून अंगावर पाणी साठत असेल तर देत नाहीत. म्हणून मनाने सुरू करू नका. भाऊ पोटाची गोळी सोबत घेतो आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन ही किडनीची तपासणी करतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे लिव्हरला ते प्रथिन बनवायलाच न देणारी औषधं, जीनचा निरोप वाटेतच फाडून टाकतात. पॅटिसिरान २०१८ ला आलं, दर तीन आठवड्यांनी शिरेतून. २२५ पेशंटच्या चाचणीत १८ महिन्यांनी औषध घेणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांच्या नसांचा स्कोअर आधीपेक्षा सुधारला होता, नुसतं थांबणं नाही, सुधारणं, आणि खोटं औषध दिलेल्यांत असे फक्त ४ टक्के. हे मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. मग व्हुट्रिसिरान २०२२ ला, तीन महिन्यांतून एक सुई कातडीखाली. एप्लॉन्टर्सेन २०२३ ला, महिन्यातून एकदा, घरच्या घरी. ही घेताना अ जीवनसत्त्वाची रोजची गोळी घ्यावी लागते कारण ते वाहून नेणारं प्रथिनच कमी होतं, नाहीतर रात्री दिसायला त्रास.

किंमत लपवत नाही. पॅटिसिरान अमेरिकेत आलं तेव्हा यादीतली किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर होती. हे ऐकून आम्ही दोघं भाऊ हॉस्पिटलच्या पायरीवर बसून राहिलो होतो. आपल्याकडे २०२१ चं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, त्यात ५० लाखांपर्यंत मदत होऊ शकते, पण धोरणाच्या यादीत असलेल्या आजारांनाच आणि ठरवलेल्या केंद्रांतूनच, मुंबईत केईएम हे त्यातलं केंद्र. तिथे सगळे मूळ रिपोर्ट घेऊन जा आणि आजची यादी, चालू असलेल्या चाचण्या, कंपन्यांच्या मदत योजना हे सगळं विचारा. आणि भारतात न मिळणारं औषध स्वतःसाठी मागवायचं तर १२-अ नंबरचा फॉर्म भरून औषध नियंत्रकांकडून परवाना काढता येतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आम्ही डायफ्लुनिसाल असंच मागवलं. पहिल्यांदा कागदांनी जीव काढला, दुसऱ्यांदा सोपं गेलं.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की धरा. गेलेली नस फारशी परत येत नाही. बहुतेकदा औषध आहे तिथे थांबवतं. म्हणून बाबा आधाराशिवाय चालतायत तोपर्यंत सुरू होणं आणि व्हीलचेअरवर गेल्यावर सुरू होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमची तीन वर्षं मणक्याच्या मागे गेली, ती वर्षं मला अजून सलतात.

रोजच्या बारीकसारीक गोष्टी: उठताना आधी पलंगावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच केली. पायात घट्ट मोजे. मिडोड्रिनची गोळी चालू आहे, तिने भावाला खरंच उभं केलं, फक्त ती घेतल्यावर आडवं व्हायचं नाही, बीपी चढतं, म्हणून संध्याकाळी उशिरा नाही. जुलाबाला आधी आतड्यात जंतू वाढलेत का ते बघून अँटिबायोटिक दिलं, मग लोपेरामाइड, प्रवासाच्या दिवशी सकाळीच. आता तो गणपतीला एसटीने गावी येतो. आणि हृदयाच्या डॉक्टरांना अमायलॉइड हा शब्द प्रत्येक वेळी सांगायचा, कारण नेहमीच्या हृदयाच्या काही गोळ्या, व्हेरापामिल, डिल्टियाझेमसारख्या, या हृदयाला सोसत नाहीत.

जनुकवाली

मी जेनेटिक काउन्सेलर आहे, तुमच्या आणि भावाच्या प्रश्नाकडे येते.

बाबांना बदल निघाला तर तुम्हा प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी, मुलगा मुलगी भेद नाही. दोघांना असेल, एकालाच असेल, कोणालाच नसेल. पण आत्ता घाईने स्वतःचं रक्त देऊ नका. आधी बाबांचा रिपोर्ट येऊ द्या, नेमका कोणता बदल ते कळलं की तुमच्यात फक्त तेवढीच जागा तपासायची असते.

रिपोर्टमध्ये बदलाचं नाव, समजा, व्हॅल३०मेट असं एका ठिकाणी आणि ५० आकडा दुसऱ्या ठिकाणी दिसला तर घाबरू नका, दोन बदल नाहीत ते. प्रथिन तयार झाल्यावर त्याची सुरुवातीची २० अक्षरं कापली जातात, जुने लोक ती सोडून मोजायचे, नवीन पद्धतीत धरून मोजतात.

तुमची मुलगी लहान आहे, तिची तपासणी करायची नाही. मोठेपणी होणाऱ्या आजारासाठी लहान मुलांना तपासत नाहीत, तिचा निर्णय ती मोठी झाली की घेईल. आणि भावाला तपासणी नको असेल तर तो त्याचा हक्क आहे, त्याच्यावर ओरडू नका, घरात यावरून फार भांडणं होतात. पण तपासणी नको म्हणणं आणि डॉक्टरकडे जायचंच नाही म्हणणं वेगळं. त्याला पायाला मुंग्या, हातांचं कार्पल टनेल, वजन उतरणं यातलं काही जाणवलं तर त्याने काय करायचं हे त्याला माहीत असलंच पाहिजे.

विमा घ्यायचा विचार असेल तर तो तपासणीच्या आधी शांतपणे करून घ्या, हेही मी प्रत्येकाला सांगते. पुढे मूल हवं असलेल्यांसाठी आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून घेण्याचा मार्ग आहे, पोर्तुगालमध्ये या आजारासाठी तो बरीच वर्षं वापरतात.

आत्या आणि चुलत काकांना मात्र आत्ताच कळवा. ते आधीच आजारी आहेत, त्यांच्यासाठी हे भविष्य नाही, आजचा उपचार आहे.

वारणाकाठ

सात आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

रिपोर्ट आला. व्हॅल३०मेट, एका प्रतीत. लाइट चेन्स आणि इम्युनोफिक्सेशन स्वच्छ. स्कॅनमध्ये हृदयात धरलंय. क्रिएटिनिन ०.९. बाबा अजून काठीशिवाय चालतात म्हणून पहिला टप्पा लिहिलाय. तिसरा आयव्हीआयजी रद्द, स्टिरॉइड हळूहळू कमी करून बंद केलं.

मुंबईला जाऊन आलो, केईएममध्ये फाइल दिली आहे, पुढची तारीख मिळालीय. तोपर्यंत डायफ्लुनिसाल सुरू करायचं ठरलं, हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, अंगावर सूज नाही म्हणून, पण महिन्याने परत इको आणि किडनी. आंबोळगड दादा, फॉर्मचं तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही कुठे गेलो असतो माहीत नाही. मिडोड्रिन सुरू झालंय. काल बाबा देवपूजा उभं राहून करत होते, आई दारात उभी राहून बघत होती, मी काहीच बोलले नाही.

बाबांना रिपोर्ट सांगितला त्या रात्री त्यांनी एकच विचारलं, हे मी तुम्हाला दिलं का. मी म्हटलं तुम्हाला आजोबांनी दिलं, त्यांना कोणी दिलं माहीत नाही, कोणी मुद्दाम दिलं नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले आजोबांचा फोटो जरा पुसून नीट लाव, लोक त्यांना काय काय म्हणायचे.

भाऊ तपासणी नको म्हणतोय, त्याचं लग्न ठरवायचं चाललंय. मी त्याला काही म्हटलं नाही, जनुकवाली ताईंचा मजकूर फक्त पाठवून दिला, त्याने वाचल्याची खूण आलीय. मी माझं ठरवलं आहे, पुढच्या महिन्यात काउन्सेलरना भेटून रक्त देणार.

चुलत काकांनी फोन ठेवून दिला, म्हणाले पेसमेकर बसलाय, आता काही नको. काकूंना वेगळा फोन करणार आहे. आत्या मात्र लगेच तयार झाली, परवा तिचं सॅम्पल गेलं. डोळ्याचं ऑपरेशन जिथे झालं तिथून काढलेल्या जेलीची स्लाइड अजून ठेवलेली आहे असं कळलं, ती काँगो रेडसाठी मागवलीय. दोन्ही रिपोर्ट आले की इथेच लिहिते.